मिश्रण की संयुग? : पदवीच्या पहिल्या वर्षातील गट-अध्ययनाची चिकित्सा

लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड एकत्र करून त्यातून चुंबक फिरवण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केलेला किंवा करून दाखवलेला आहे. कीस चुंबकाला चिकटतो, गंधक मागे राहते. म्हणजे ते मिश्रण होते. तेच परीक्षानळीत तापवले की काळसर लोह सल्फाइड तयार होते आणि मग चुंबकाने लोखंड वेगळे काढता येत नाही. शिक्षणातील एक जुनी कल्पना सध्या पुन्हा चर्चेत आहे. तिची पारख करण्यासाठी हीच कसोटी वापरावी, असे या लेखात सुचवायचे आहे. पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांनी पाच-सहा जणांच्या छोट्या गटांत बसावे, एका विद्याशाखेत न मावणारा प्रश्न घ्यावा आणि तो सोडवता सोडवता शिकावे, अशी ही कल्पना आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बहुविद्याशाखीय उच्च शिक्षणावर मोठा भर आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीचा श्रेयांक आराखडा ठरला. स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यानुसार पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मुख्य विषयाखेरीज दुसऱ्या विद्याशाखेतील खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे बरेच काही शिकतो. आपल्या हाताखालून गेलेले विद्यार्थी बारावीनंतर ज्या वर्गात जाऊन बसतात, तो हा वर्ग. तेव्हा तेथे काय चालते याच्याशी शाळेतील शिक्षकांचाही संबंध आहे.

आता या वेळापत्रकावरून चुंबक फिरवून पाहा. भौतिकशास्त्र घेतलेली विद्यार्थिनी एका तासाला गतीचे नियम शिकते आणि दुसऱ्या तासाला बँकेच्या व्यवहारांची ओळख करून घेते. दोन्हींचे शिक्षक वेगळे, प्रश्नपत्रिका वेगळ्या, गुण वेगळे. एका विषयाने दुसऱ्या विषयाला कोठेही हात लावलेला नाही. प्रत्येक विषय जसा आत गेला तसाच बाहेर काढता येतो. मिश्रण वाईट असते असे नव्हे. दहावीनंतर एकाच शाखेत अडकलेल्या मुलाला दुसऱ्या शाखेची तोंडओळख होणे चांगलेच. पण बहुविद्याशाखीय आणि आंतरविद्याशाखीय हे दोन शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरले जातात, आणि पहिले साधले की दुसरेही साधले असा समज होतो. तो समज तपासला पाहिजे.

रोस्किल्डची रचना

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर माइकलजॉन यांनी १९२७ मध्ये एक प्रायोगिक महाविद्यालय काढले. तेथे पहिल्या वर्षी सुटे विषय नव्हतेच. सर्व विद्यार्थी मिळून प्राचीन अथेन्सच्या संस्कृतीचा अभ्यास करत आणि त्यातून राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, कला, विज्ञान यांकडे वळत. ते महाविद्यालय १९३२ मध्ये बंद झाले. १९६९ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने आपले वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन असे विषय ओळीने शिकवण्याऐवजी छोट्या गटांपुढे पहिल्यापासून रुग्णाची समस्या ठेवण्यात आली. पुढे 'समस्याधारित अध्ययन' या नावाने जगभर पसरलेल्या पद्धतीचा उगम तो.

परंतु सर्वसाधारण पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ही कल्पना सर्वांत नेटाने राबवली ती डेन्मार्कमधील रोस्किल्ड विद्यापीठाने. कोपनहेगनजवळचे हे विद्यापीठ १९७२ मध्ये सुरू झाले. मूळ आराखड्यात पहिली दोन वर्षे विद्यार्थी कोणत्याही एका विषयाचा नसे. तो मानव्यविद्या, समाजशास्त्रे किंवा निसर्गविज्ञान यांपैकी एका विस्तृत क्षेत्राच्या पायाभूत अभ्यासक्रमात असे. त्याचा सुमारे अर्धा वेळ नेहमीच्या पाठांना आणि अर्धा वेळ गटाच्या प्रकल्पाला. प्रत्येक सत्रात एक प्रकल्प, प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक. प्रश्न गटाने स्वतः ठरवायचा, मार्गदर्शकाने तो घासूनपुसून घ्यायचा, आणि सत्राच्या अखेरीस लेखी अहवाल सादर करून त्यावर तोंडी परीक्षा द्यायची. पुढे या रचनेत बरेच फेरबदल झाले, तरी प्रकल्पाला अर्धा वेळ हे सूत्र टिकून राहिले.

यातील निसर्गविज्ञानाच्या पायाभूत अभ्यासक्रमाची एक युक्ती मला विशेष महत्त्वाची वाटते. प्रश्न गटाचा असला तरी प्रत्येक सत्राला एक बंधन असे. पहिल्या सत्रातील प्रकल्प विज्ञानाचा तंत्रज्ञानात व समाजात होणारा उपयोग दाखवणारा हवा. दुसऱ्या सत्रातील प्रकल्पाने सिद्धांत, प्रतिमान आणि प्रयोग यांचे परस्परांशी नाते तपासले पाहिजे. तिसऱ्या सत्रात विज्ञानाकडेच एक मानवी व्यवहार म्हणून पाहायचे. म्हणजे विद्यार्थ्याला बॅटरी आवडत असेल तर त्याने तिन्ही सत्रांत बॅटरीवर काम केले तरी चालेल. पण पहिल्या सत्रात त्याला ती वापरणाऱ्याकडे पाहावे लागेल, दुसऱ्यात तिच्या गणिताकडे आणि तिसऱ्यात तिच्याविषयी झालेल्या वादांकडे. बंधन विषयाचे नसून प्रश्नाच्या जातीचे आहे. 'वेगवेगळ्या शाखांचा विचार करा' असा नुसता उपदेश करून विद्यार्थी आपल्या शाखेची वेस ओलांडत नाही. ओलांडल्याशिवाय काम पुरेच होणार नाही अशी व्यवस्था करावी लागते.

गट कशासाठी?

विषयांची सांगड घालायची तर गटच कशाला हवा, एकटा विद्यार्थी ती का घालू शकणार नाही, असा प्रश्न योग्य आहे. गटाच्या बाजूने एक चांगला पुरावा बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून मिळतो. तेथे १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन यांनी पहिल्या वर्षाच्या कलन गणितात विद्यार्थी नापास का होतात याचा शोध घेतला. कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले यश मिळवत. तयारी कमी, घरची परिस्थिती, आस्था नसणे अशी कारणे प्राध्यापक सांगत. ट्राइसमन विद्यार्थ्यांच्या राहत्या जागी जाऊन पाहू लागले तेव्हा वेगळेच दिसले. दोन्ही गटांतील मुले कष्टाळू होती. पण कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुधा एकटे अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकटे उदाहरणे सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. आपली चूक ही आपल्या एकट्याची आहे की उदाहरणच अवघड आहे, हे त्यांना कळत असे. ट्राइसमन यांनी मग गटकार्याचे वर्ग सुरू केले. त्यांत उजळणीची सोपी उदाहरणे न देता मुद्दाम अवघड उदाहरणे दिली. त्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे निकाल ठळकपणे सुधारले.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, गटात बसण्याआधी प्रत्येकाने स्वतः डोके चालवलेले होते. दुसरी, काम एकट्याला पेलणार नाही इतके अवघड होते. या दोन अटी काढून घेतल्या की गटाचे काय होते, हेही विज्ञानाला ठाऊक आहे. फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमन यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर दोघे मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर सरासरी ९३ भरला आणि आठ जण ओढताना तो ४९ वर आला. आठ माणसे मिळून चार माणसांइतकेही ओढत नव्हती! यातला काही भाग ताल न जुळण्याचा असतो. पण १९७९ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवण्याचे आणि ओरडण्याचे प्रयोग करून दाखवले, की ताल न जुळण्याचा भाग वजा केला तरी माणूस घोळक्यात अंग चोरतोच. आपली 'बारभाईची शेती' यापेक्षा वेगळे काही सांगत नाही.

गट-अध्ययनाचा पुरस्कार करणारे बहुधा ट्राइसमन सांगतात आणि रिंगेलमन विसरतात. विरोधक याच्या उलट करतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. दोर ओढणे हे असे काम आहे की ज्यात आठवा माणूस पहिल्यासारखेच काम करतो. म्हणून त्याला लपता येते. प्रत्येकाजवळ दुसऱ्याला हवे असे वेगळे काही असेल, तर लपायला जागा कमी उरते. गट आणि आंतरविद्याशाखीय प्रश्न यांचा खरा संबंध येथे आहे.

एक उदाहरण : पाण्यातील फ्लोराइड

हे हवेत बोलणे होऊ नये म्हणून आपल्याकडचा एक प्रश्न घेऊ. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचा हा परिणाम. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. समजा, पहिल्या वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांच्या गटाला विचारले, 'अशा गावात फ्लोराइड काढण्याचे संयंत्र बसवूनही लोक हातपंपाचेच पाणी का पितात?'

नेहमीचा गट काय करील? रसायनवाला फ्लोराइडचे गुणधर्म लिहील, भूगोलवाला खडकांची माहिती देईल, जीवशास्त्रवाली दातांचे चित्र काढील, अर्थशास्त्रवाला खर्चाचा तक्ता करील आणि पाचवा हे सारे टंकलिखित करून बांधून आणील. पाच प्रकरणे, पाच लेखक, एक मुखपृष्ठ. चुंबक फिरवा, पाचही प्रकरणे सुटी होतात.

आता याच प्रश्नात कॅल्शियमचा धागा पकडून पाहा. फ्लोराइड पाण्यात येते ते बरेचसे फ्लोराइटसारख्या खनिजांतून, आणि हे खनिज म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर विद्राव्यतेच्या नियमानुसार फ्लोराइडला फारसे विरघळता येत नाही. उलट खोल खडकात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात बाहेर पडून सोडियम वाढलेले असेल, तर फ्लोराइड वाढते. म्हणजे रसायनवाल्याला आपले समीकरण पुरे करण्यासाठी भूगर्भाची माहिती असणाऱ्याकडे जावे लागते. तेथे कळते की उथळ विहिरीतील पाण्यापेक्षा विंधन विहिरीचे पाणी पुष्कळदा अधिक फ्लोराइडचे असते. मग इतिहास पुढे येतो. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी मोठ्या प्रमाणावर खोदल्या गेल्या. दुष्काळावरचा आणि गढूळ विहिरींतून होणाऱ्या रोगांवरचा तो चांगला उपाय होता, आणि काही गावांत त्यातूनच ही नवी व्याधी आली. कॅल्शियमचा धागा आणखी पुढे जातो. आहारात कॅल्शियम पुरेसे असेल तर आतड्यातून फ्लोराइड कमी शोषले जाते. म्हणून तेच पाणी पिऊनही कुपोषित मुलाला त्रास अधिक. जीवशास्त्रवालीला आता अर्थशास्त्रवाल्याला विचारावे लागते, की या घरांत दूध किती येते?

राहिला संयंत्राचा प्रश्न. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' विकसित केली. पद्धत स्वस्त आणि सोपी आहे. पण तुरटी-चुन्याचे प्रमाण पाण्यानुसार बदलावे लागते, ते कोणीतरी नेमाने घालावे लागते आणि खाली बसलेला ॲल्युमिनियम व फ्लोराइडयुक्त गाळ कोठेतरी नेऊन टाकावा लागतो. हे काम कोणाचे, त्याला पगार कोण देणार, तो रजेवर गेला तर काय, हे रसायनाचे प्रश्न नाहीत. पण त्यांची उत्तरे नसतील तर रसायन बरोबर असूनही संयंत्र बंद पडते. असा अहवाल पाच प्रकरणांत फाडता येत नाही. रसायनाचे पान काढले तर आहाराचे पान अर्थहीन होते.

गंभीर आक्षेप

या पद्धतीवरील आक्षेपांतील सर्वांत वजनदार आक्षेप असा : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अजून एकही विद्याशाखा नीट येत नाही, मग तो त्यांची सांगड कशी घालणार? वरच्या उदाहरणातच पाहा. विद्राव्यता गुणाकार कळल्याशिवाय कॅल्शियम आणि फ्लोराइड यांचे नाते कळत नाही. गटाने चर्चा करून तो नियम शोधून काढावा, अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी एका गाजलेल्या लेखात हेच मांडले. नवशिक्याच्या कार्यकारी स्मृतीवर एका वेळी फार भार टाकला तर तो गोंधळतो, म्हणून त्याला थोड्या मार्गदर्शनावर सोडून देणाऱ्या पद्धती अपयशी ठरतात, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी त्याला उत्तर आले, की समस्याधारित अध्ययनात मार्गदर्शन भरपूर असते, त्याला 'सोडून देणे' म्हणणे चूक आहे.

पाहण्यांचा निष्कर्षही दुपेडी आहे. बेल्जियम व नेदरलँड्समधील अभ्यासकांनी २००३ मध्ये समस्याधारित अध्ययनावरील ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्ञान वापरण्याच्या कौशल्यात या विद्यार्थ्यांची सरशी दिसली. निव्वळ माहितीच्या कसोट्यांत मात्र ते किंचित मागे राहण्याकडे कल होता. पण जे शिकले ते त्यांच्या अधिक काळ लक्षात राहिले. २०१४ मध्ये अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी व गणित शिक्षणावरील २२५ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते, तर विद्यार्थ्यांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. पण हा दुसरा आढावा आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, ते बरोबर नाही. त्यातील वर्ग एकाच विषयाचे होते. त्यावरून एवढेच म्हणता येते, की विद्यार्थ्याने नुसते ऐकू नये.

मला वाटते, आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर रोस्किल्डच्या 'अर्धा वेळ' या सूत्रात आहे. प्रकल्पात एखादे उदाहरण खोलवर अभ्यासले जाते, पण त्यामुळे ज्ञानात मोठी भगदाडे राहतात. फ्लोराइडवर सत्रभर काम केलेल्या विद्यार्थ्याला उष्मागतिकीचा गंधही नसेल. ही भगदाडे पाठांनी बुजवायची. उलट पाठांत शिकलेला विद्राव्यता गुणाकार परीक्षेनंतर उडून जातो. तो प्रकल्पात कामाला लावायचा. गट हा पाठाला पर्याय नाही. ज्यांनी पाठ पूर्ण काढून टाकले त्यांनी नवशिक्यावर नको तेवढा भार टाकला. आणि ज्यांनी प्रकल्पाला दोन श्रेयांकांचा कोपरा दिला त्यांच्याकडे प्रकल्प हा एक आणखी विषय झाला.

परीक्षा

रचना कितीही चांगली असली तरी विद्यार्थी शेवटी परीक्षेप्रमाणे शिकतो. डेन्मार्कमध्ये गटाच्या अहवालावर सर्वांची एकत्र तोंडी परीक्षा घेण्याची प्रथा होती. शिक्षक आणि बाह्य परीक्षक गटाशी बोलत, एकाचे उत्तर दुसऱ्याला पुढे न्यायला सांगत, आणि शेवटी प्रत्येकाला वेगळे गुण देत. २००६-०७ मध्ये तेथील सरकारने अशा गटपरीक्षांवर बंदी घातली. दुसऱ्याच्या कष्टावर कोणी पास होऊ नये, हे कारण. गंमत अशी की प्रकल्प गटानेच करायचे राहिले आणि परीक्षा मात्र एकट्याने द्यायची झाली. २०१३ पर्यंत ही बंदी उठली.

बंदी घालणाऱ्यांची शंका निराधार नव्हती. रिंगेलमनचा दोर आपण पाहिलाच. एकट्याच्या परीक्षेत प्रत्येकाला संपूर्ण अहवाल वाचून यावे लागते, हाही लाभ आहे. पण त्या परीक्षेत एक गोष्ट तपासताच येत नाही : दुसऱ्याचे म्हणणे ऐकून त्यावर आपली भर घालता येते का? तेच तर शिकवायचे होते. त्यामुळे एकत्र तोंडी परीक्षा आणि वेगळे गुण ही मूळ प्रथाच दोन्ही बाजूंना न्याय देणारी वाटते.

आपल्या शेजारचा अनुभवही परीक्षेचे महत्त्व दाखवतो. रोस्किल्ड सुरू झाले त्याच वर्षी, १९७२ मध्ये, मध्य प्रदेशात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया या संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. तेथे चार-चार मुलांच्या टोळ्या प्रयोग करून विज्ञान शिकत. त्या कार्यक्रमाचे शहाणपण असे की त्याने परीक्षाही बदलली. मुलांना पुस्तक व वही उघडून उत्तरे लिहिता येत आणि प्रयोगाचीही परीक्षा होई. शेकडो शाळांत पसरलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. पण तीस वर्षे तो टिकला, याचे एक कारण शिकवणे आणि तपासणे यांत त्याने विसंगती ठेवली नव्हती, हे आहे.

आपल्याकडील हिशेब

आता प्रश्न येतो वेळेचा आणि माणसांचा. पहिल्या वर्षाच्या एका तुकडीत १२० विद्यार्थी आहेत असे धरू. सहा जणांचा एक, असे २० गट झाले. प्रत्येक गटाला मार्गदर्शकाने आठवड्यातून फक्त अर्धा तास दिला तरी १० तास होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. म्हणजे एकाच प्राध्यापकावर ही तुकडी टाकली तर त्याचे निम्म्याहून अधिक तास त्यातच जातील. पण हेच २० गट चार विभागांतील चार प्राध्यापकांत वाटले तर प्रत्येकाला पाच गट आणि अडीच तास येतात. हे जमण्यासारखे आहे, आणि मार्गदर्शक चार विषयांचे असल्यामुळे अधिक चांगलेही आहे.

अट एकच : हे अडीच तास कार्यभारात धरले पाहिजेत. आज अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे पुष्कळसे अध्यापन तासिका तत्त्वावरील प्राध्यापक करतात. त्यांना मानधन घेतलेल्या तासांचे मिळते. व्हरांड्यात उभे राहून एखाद्या गटाचा प्रश्न सोडवून दिला तर त्याची नोंद कोठेही होत नाही. अशा स्थितीत गट-अध्ययन त्यांच्या सद्भावनेवर उभे करणे अन्यायाचे आहे, आणि ते टिकणारही नाही. नव्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांसाठी श्रेयांक ठेवलेले आहेत. ते वेगवेगळ्या विभागांनी वाटून घेण्याऐवजी एकत्र आणून एका प्रश्नाला दिले, मार्गदर्शनाचे तास वेळापत्रकात छापले आणि तोंडी परीक्षेला दुसऱ्या विभागाचा परीक्षक बोलावला, तर मोठा खर्च न करता सुरुवात करता येईल. एवढेही होणार नसेल, तर प्रकल्पाची सक्ती न केलेली बरी. सक्ती आणि मार्गदर्शनाचा अभाव एकत्र आले की काय होते, हे आपण शाळेतल्या प्रकल्पांत पाहतोच. शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पर्यावरणाचा प्रकल्प तयार मिळतो.

शाळेत काय करता येईल?

महाविद्यालयाचे धोरण आपल्या हातात नाही. पण तेथे जाणारा विद्यार्थी आपल्या हातात आहे. दुसऱ्याचे ऐकून आपले मत बदलण्याची सवय बारावीनंतर एकाएकी लागत नाही. नववीच्या वर्गाला वर्षातून एकच, पण खरा प्रश्न द्यावा. 'पाण्याचे प्रदूषण' हा प्रश्न नव्हे, ते निबंधाचे शीर्षक आहे. 'आपल्या शाळेच्या टाकीतील पाणी मे महिन्यात किती दिवस पुरेल आणि ते पिण्याजोगे राहील का?' हा प्रश्न आहे. त्यासाठी टाकीचे घनफळ काढावे लागते, मुले किती पाणी पितात हे मोजावे लागते, क्लोरीन किती दिवस टिकते हे पाहावे लागते आणि टाकी कोण व केव्हा धुतो हे शिपाईमामांना विचारावे लागते. गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याचे गुण मिळून द्यावेत.

गट चार-पाच जणांचाच असावा. एकत्र बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपले उत्तर वहीत लिहावे. आणि काम तपासताना तीन गोष्टी पाहाव्यात. अहवालातील एक भाग काढून टाकला तर बाकीच्याचे काही बिघडते का? ज्याने घनफळ काढले त्याला क्लोरीनविषयी विचारले तर सांगता येते का? आणि सुरुवातीला वहीत लिहिलेले एखादे उत्तर गटाने नंतर खोडले आहे का? तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त गुण देईन. ज्या गटाच्या वहीत काहीच खोडलेले नाही, त्यातील मुले एकत्र बसली असतील, पण एकमेकांकडून काही शिकली असतील असे मला वाटत नाही.